घोडी जाड झालीय? उपाशी ठेवू नका, वैरण बदला

वाईजवळ एका मित्राची घोडी आहे, पाचगणीत फेऱ्या मारते. पावसात धंदा बंद, मग चार महिने नुसतं खाणं आणि उभं राहणं. गणपतीत गेलो तर मानेवर आयाळीखाली मुठीएवढी कडक चरबी, आणि बरगडी हाताला लागेनाच, दाबून शोधावी लागली. मित्र म्हणतो, बघ कशी तब्येत धरलीय.

पण अशा चरबीबरोबर बऱ्याचदा रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि त्यातूनच लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो आणि सुटायला लागतो. जनावर पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभं राहतं, बघवत नाही.

मग घाबरून लोक वैरणच तोडतात. तसं अजिबात करू नका! घोड्याच्या पोटात ॲसिड दिवसरात्र सुटत असतं, चावताना जी लाळ गिळली जाते तिनं ते आवरतं, पोट रिकामं राहिलं की अल्सर. त्यात जाड तट्टू एकदम उपाशी पडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, लिव्हर बिघडतं आणि जीवही जातो.

आधी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आणि गूळ बंद करा. उसाचं वाढं आपल्याकडं हंगामात सहज मिळतं, पण शेंड्याबरोबर गोड कांडी येते, ती नको. लसूणघासात साखर कमी पण कॅलरी जास्त. हत्तीगवतात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, रोज तेच घातलं तर हाडं ठिसूळ होतात. मला विचाराल तर डोंगरातलं उशिरा कापलेलं वाळकं गवत बरं, फक्त कुसळं बघून घ्या, तोंडात रुततात.

किती घालायचं? वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे ३०० किलोच्या घोडीला दिवसाला साडेचार किलो, वाळक्या गवतातही थोडी ओल असते म्हणून साधारण ५ किलो गवत, तेही काट्यावर मोजून, अंदाजानं नाही. गवत तासभर गार पाण्यात भिजवलं तर बरीच साखर निघून जाते, पाणी चहासारखं तांबूस होतं, ते ओतून द्यायचं. भिजवलेलं लगेच घाला, उन्हात आंबतं. क्षारही धुऊन जातात म्हणून मिनरल मिक्श्चर हवंच. बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगलं की तेवढंच गवत कितीतरी जास्त वेळ पुरतं. आणि बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा, आतड्यातल्या जिवाणूंना सवय लागावी लागते.

मित्रानं दसऱ्यापासून हे धरलं. संक्रांतीला हात फिरवला तर बरगड्या लागल्या, मानेवरची चरबी मात्र अजून आहे.