पार्श्वभूमी : नायट्राइट आणि मूठभर मीठ

भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, ढिवर समाज पिढ्यानपिढ्या मासे धरत आला. नायट्राइट, म्हणजे अमोनियापासून पाण्यात तयार होणारं माशांचं विष, हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता आणि तशी वेळही येत नव्हती. पाणी पसरट, काठाला देवधान (रानभात), मासळी विरळ, बाहेरचं खाद्य नाही. माशांनी टाकलेला अमोनिया तलावच पचवायचा.

पचवतं कोण, याचा माग १८७७ मध्ये पॅरिसमध्ये लागला. श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी गटाराचं पाणी वाळू-चुनखडीच्या नळीतून झिरपवलं, तेव्हा अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि काम ठप्प झालं. म्हणजे हे काम जिवंत जंतूंचं! १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की यांनी दाखवलं की जंतू दोन तऱ्हेचे आहेत. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे दुसरे मागे पडले की मधलंच विष साचतं.

आपल्याकडे ते साचू लागलं दाटीमुळे. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचं प्रेरित प्रजनन (संप्रेरक टोचून अंडी घालायला लावणं) यशस्वी केलं आणि पुढे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत मिळू लागली. मग शेततळी आली, आणि २०२० च्या मत्स्य संपदा योजनेनंतर बायोफ्लॉकच्या टाक्या, म्हणजे जंतूंच्या भरवशावर दाटीने मासे वाढवायच्या टाक्या. नव्या टाकीत आधी अमोनिया चढतो, मग काही आठवड्यांनी नायट्राइट. नेमकं तेव्हाच खाद्य वाढवलेलं असतं.

मासा तोंड वर काढून धापा टाकतो, शेतकरी पाण्यात हवा सोडणारे एअरेटर वाढवतो, तरी मर थांबत नाही. पाण्यात प्राणवायू असतो; रक्तच तो उचलत नाही. कल्ले क्लोराइड ओढतात त्याच वाटेने नायट्राइट आत शिरतं, रक्तातलं प्राणवायू वाहणारं लोह निकामी करतं आणि रक्त चॉकलेटी होतं. झिंग्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे हा रंग दिसत नाही. त्रास मात्र त्यालाही होतो.

उपायही त्याच वाटेवर सापडला. १९७७ मध्ये सॅमनवर आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या कॅटफिशवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की पाण्यात क्लोराइड पुरेसं असलं की नायट्राइटला आत जागा मिळत नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की औषध, म्हणजे क्लोराइड असलेलं साधं मीठ, प्रत्येक घरात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात शेतीला छळणारं खारं पाणी इथे माशाची ढाल होऊ शकतं. पूर्व विदर्भातल्या गोड्या पाण्यात मात्र मीठ मोजून घालावं लागतं. नायट्राइट-नायट्रोजनच्या (नायट्राइटमधल्या फक्त नायट्रोजनच्या) दहापट क्लोराइड हे रूढ प्रमाण धरलं, तर लिटरला १ मिलिग्रॅम वाचन आलेल्या १०,००० लिटरच्या टाकीला साधारण १६५ ग्रॅम मीठ. पाण्यात आधीच क्लोराइड असेल तर त्याहून कमी. सोबत खाद्य थांबवायचं आणि थोडं पाणी बदलायचं, कारण मिठाने नायट्राइट नाहीसं होत नाही. पाणी तपासायच्या किटवरचा आकडा नायट्राइटचा की नायट्राइट-नायट्रोजनचा, हे आधी वाचावं, दोहोंत ३.३ पटींचा फरक आहे.