चुलीवरच्या भाकरीचा हिशेब

सिंहगडाच्या वाटेला लागलं की पाट्या सुरू होतात: ‘चुलीवरचं अस्सल गावरान जेवण’. पुणेकर खूश. पिठलं-भाकरी खाणारा बाहेर वाऱ्यावर, थापणारी आत धुरात.

धूर होतो तो अर्धवट जळण्यामुळे. हवा कमी पडली किंवा पावसाळ्यात सरपण ओलं राहिलं, की लाकडातला कार्बन पुरता जळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि काजळीचे कण सुटतात. २.५ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यांची २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून सांगते. चूल पेटलेल्या कोंदट खोलीत हा आकडा कित्येकशेंवर जातो. पुण्याची हवा मोजणारी यंत्रं मात्र उघड्यावर. फुंकणी घेऊन बसलेलीच्या शेजारी कोण मोजायला बसणार?

गॅस आला की आता! २०१६च्या उज्ज्वला योजनेत जोडणीही बाईच्याच नावावर. चांगलंच झालं. पण सिलिंडरला रोख पैसे लागतात आणि रोख बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशात. सरपण ‘फुकट’, आणणारीचा वेळ कुणी धरतच नाही ना. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. त्यात गंमत अशी, की सरपण गोळा करणं राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येत बसतं, त्यावर घरच्यांसाठी रांधणं बसत नाही. मग गॅस चहापुरता, पाहुण्यांपुरता. भाकरी चुलीवरच, आणि वर ‘चवच वेगळी’.

स्त्रीच्या शरीरावरची आणि जमिनीवरची पुरुषी मालकी एकाच मुळातली, असं फ्रान्सच्या स्त्रीवादी लेखिका फ्रांस्वाज दोबोन यांनी १९७४ साली मांडलं. पुढे काहींनी बाई जात्याच निसर्गाच्या जवळ असते असंही म्हटलं. ते मला मुळीच पटत नाही. सरपणाला तिलाच धाडतात, म्हणून तिला रान ठाऊक.

आणि रान उजाड झालं की बोट तिच्याच मोळीकडे. मोळीत बहुतेक वाळक्या काटक्या असतात. मुळशीकडे डोंगर उघडे पडले त्यात कोळशाच्या भट्ट्यांचा वाटा आहे, आता फार्महाऊसच्या प्लॉटिंगचाही. ते व्यवहार होतात सातबाऱ्यावर, आणि तिथे तिचं नाव क्वचितच असतं.