‘कुणाचा आहे?’ : पडद्यावरच्या राजकारणाची मागची गोष्ट

ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत एक प्रश्न चांगलाच रुळलाय. नव्या सिनेमाचं नाव निघालं की कोणीतरी विचारतं, “कुणाचा आहे?” निर्माता कोण हे त्यांना नको असतं. हिरो कुठल्या पक्षाच्या मंचावर दिसला, दिग्दर्शकाने कुणाबद्दल काय पोस्ट टाकली, ते हवं असतं. परवा एका काकांनी तिकीट काढायचं की नाही ते तेवढ्यावर ठरवलं. ट्रेलरसुद्धा पाहिला नाही.

काकांना दोष तरी कसा द्यायचा? १३ मे २०२२ ला ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघेंवरचा ‘धर्मवीर’ लागला. प्रसाद ओकने दिघेसाहेब उभे केले ते पाहून टेंभी नाक्याचे जुने लोक डोळे पुसत बाहेर पडले. त्या सिनेमात तरुण एकनाथ शिंदेही आहेत. सहा आठवडे व्हायच्या आत खरे शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले आणि ३० जूनला मुख्यमंत्री झाले. दुसरा भाग आला सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाला दोनेक महिने असताना. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये ‘हर हर महादेव’चा शो बंद पाडण्यात आला. इतिहासाची मोडतोड केली, असा आक्षेप होता. एका प्रेक्षकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली, राष्ट्रवादीच्या जितेंद्र आव्हाडांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीनही मिळाला. त्याच सिनेमाला निवेदनाचा आवाज मनसेच्या राज ठाकरेंचा होता. म्हणजे तिकीट काढतानाच बाजू घेतल्यासारखं झालं.

पण सिनेमात राजकारण शिरलं ते काही काल-परवा नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३५ मध्ये संत एकनाथांवर चित्रपट काढला. नाव ठरलं होतं ‘महात्मा’. इंग्रजांच्या सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, मग ‘धर्मात्मा’ करावं लागलं. नाव बदललं, पण अस्पृश्याच्या घरी जेवायला बसणारे एकनाथ पडद्यावर राहिलेच. संतांच्या आडून बोलायची ही युक्ती बरीच वर्षं चालली. स्वातंत्र्यानंतर आडोशाची गरज उरली नाही. अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ काढला, आणि दोनच वर्षांत ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवत होते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. राष्ट्र सेवा दल १९४१ चं. त्याचं कलापथक म्हणजे गाणी, पोवाडे, वग घेऊन गावोगाव हिंडणारी पोरं. मराठी सिनेमाच्या दोन टोकांचे दोन नट याच मांडवाखालून आले. एक निळू फुले, दुसरे दादा कोंडके. निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. समाजवादी होते, शेवटपर्यंत तसेच राहिले. दादा ‘विच्छा माझी पुरी करा’मधून राज्यकर्त्यांची टर उडवत लोकप्रिय झाले. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा ते बाळासाहेब ठाकरेंकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि सिनेमा लागला. दादा मग शिवसेनेचे झाले ते झालेच. शाळा एकच, वाटा दोन.

गंमत पुढेच आहे. निळूभाऊ आयुष्यभर ज्यांच्या विरोधात उभे राहिले, त्याच साखरसम्राटांची भूमिका त्यांच्या वाट्याला आली. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. कथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९७५ मध्ये सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. दारूने खंगलेला मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, “मारुती कांबळेचं काय झालं?” अख्ख्या सहकारी साम्राज्याला त्याचं उत्तर देता येत नाही. निळूभाऊंनी तो पाटील इतका खरा केला की गावोगावच्या बायका त्यांना शिव्या घालायच्या. त्यांचा पक्ष कोणता हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं, आणि त्याने काही अडलंही नाही.

त्या मास्तरचं काम श्रीराम लागूंनी केलं होतं. लागू पक्के नास्तिक. देवाला आता रिटायर करा, असं त्यांनी उघड लिहिलं. तरी हिंदी सिनेमावाले त्यांना देवभोळ्या बापाच्या भूमिका देत राहिले आणि ते करत राहिले. दाभोलकर, बाबा आढाव, निळूभाऊ यांच्यासोबत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून हे नामवंत नट अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत फिरले. विचार जहाल आणि नाटक विनोदी, हे जुळवणं तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही. स्मिता पाटीलही सेवा दलाच्याच घरातली. तिचा ‘जैत रे जैत’ आपल्या पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या सुळक्याखाली राहणाऱ्या ठाकरांची गोष्ट सांगतो. पुढे १९८२ मध्ये तिने ‘उंबरठा’ केला.

शिवसेनेला पहिली नगरपालिका दिली ती ठाणेकरांनी, १९६७ मध्ये. गडकरी रंगायतन हे नाट्यगृह त्यानंतरचं, १९७८ चं. नाटक-सिनेमा आणि पक्ष या शहरात कायम एकाच रस्त्यावर राहत आलेत, त्यामुळे नट मंचावर दिसला की आम्हाला नवल वाटत नाही. बदललाय तो क्रम. पूर्वी माणूस कलापथकात, मोर्चात घडायचा आणि मग पडद्यावर यायचा. आता आधी पडदा, मग उमेदवारी.

जुना क्रम पूर्ण संपलाय असंही नाही. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त मारलेलं डुक्कर खांद्यावरच्या काठीला बांधून जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं. भिंतीवर आंबेडकर, शाहू, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. कोणी एक शब्द बोलत नाही. माझ्या मते मराठी पडद्यावरचं सर्वांत थेट राजकीय दृश्य हेच, आणि त्यात पक्षाचा झेंडा नाही. दोनच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या ‘सैराट’ला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं.

‘कोर्ट’मधला आरोपी लोकशाहीर साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे. ‘विद्रोही’चे संपादक, अनेक वर्षं आंबेडकरी चळवळीत. सिनेमात काम केलं ते उतारवयात. एप्रिल २०२१ मध्ये ते कोविडने गेले, तेव्हा बहुतेक बातम्यांच्या मथळ्यात लिहिलं होतं : ‘कोर्ट’ फेम अभिनेता.