पावलीची खुर्ची आणि तीनशे डॉलरची खिडकी

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर होतो, तेव्हा अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. "मामा, एप्रिलमध्ये या. बर्फ भरपूर असतो आणि गर्दी कमी." फिरकी शेजारच्या पोराच्या हातात दिली आणि स्की करायला डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तिकिटाचं विचारलं. आकडा ऐकून वाटलं, हा आम्हा तिघांचा मिळून सांगतोय. तो एका माणसाचा, एका दिवसाचा होता. तीनशे डॉलरच्या वर.

आम्हा बडोदेकरांना तारेवरून डोंगर चढायचं तिकीट म्हणजे पावागडचं. १९८६ पासून माचीहून उडन खटोला चालतो. नवरात्रात रांगेत उभं राहून पाय भरून येतात, वर उतरल्यावरही देवळापर्यंत पायऱ्या असतातच. पण दर खिडकीवर लिहिलेला असतो. रात्री जेवताना बेत ठरला आणि पहाटे निघालो, म्हणून कोणी जास्त पैसे मागत नाही. स्कीच्या तिकिटाचंही बरीच वर्षं असंच होतं.

सुरुवात तर अगदी घरगुती. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख इथे रॉबर्ट विंटरहाल्डर या खाणावळवाल्याने १९०८ साली आपल्या पाणचक्कीच्या जोरावर दोर फिरवला आणि पाहुण्यांना उतारावर ओढून नेलं. अमेरिकेत १९३४ साली व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला एका शेतकऱ्याच्या कुरणावर फोर्ड गाडीच्या इंजिनाला दोर जोडला गेला. हाताशी असेल त्या ताकदीला जुंपायचं, एवढंच. आमच्या गायकवाडांची डभोईची रेल्वेसुद्धा १८६२ साली आधी बैलांनीच ओढली होती.

खुर्ची आली ती रेल्वेमुळेच. मंदीच्या काळात युनियन पॅसिफिक रेल्वेला प्रवासी हवे होते. अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांनी आयडाहोत सन व्हॅली हे बर्फाचं गावच वसवायला घेतलं. लोकांना डोंगरावर न्यायचं कसं, हा प्रश्न कंपनीच्या ओमाहातल्या जेम्स करन या इंजिनिअरपुढे आला. बोटीत केळीचे घड चढवणारी, हुक लावलेली फिरती तार त्याने पूर्वी हाताळली होती. हुकाच्या जागी त्याने खुर्ची टांगली. ओमाहात बर्फ कुठला? मग ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली, माणसाला गवताच्या काडावर स्की घालून उभं केलं आणि ट्रक मागून आणून त्याला अलगद उचलता येतं का ते पाहिलं. काडावर जमेना, तेव्हा पायांत चाकांचे स्केट घातले. किती वेगाने खुर्ची आली तर माणूस न पडता बसतो, हे असं ठरलं. १९३६ च्या डिसेंबरात सन व्हॅली सुरू झालं आणि खुर्चीची एक फेरी पंचवीस सेंटला मिळू लागली. डॉलरचा पाव हिस्सा, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात पावलीच.

पुढे फेरीचं तिकीट मागे पडून दिवसाचं रूढ झालं. कोलोरॅडोतलं व्हेल १९६२ साली उघडलं तेव्हा दिवसाचे पाच डॉलर होते. महागाई धरली तरी आजचे पन्नासेक होतात. म्हणजे भाच्याने सांगितलेला आकडा नुसत्या महागाईने झालेला नाही.

दिवसाच्या तिकिटात मालकाला एक भोक दिसत होतं. सकाळचा माणूस दुपारी दमून घरी निघाला की उरलेला अर्धा दिवस पार्किंगमध्ये विकून टाकायचा. यावर उपाय म्हणून साठच्या दशकात तारेची छोटी कडी आली. ती जॅकेटच्या चेनमध्ये अडकवायची आणि चिकट तिकीट तिच्यावर दुमडून चिकटवायचं. काढू गेलं की फाटतं. तसली आठ-दहा तिकिटं लोंबणारं जॅकेट भाच्याच्या घरमालकाने जपून ठेवलंय, आपल्याकडे लग्नपत्रिका ठेवतात तसं. आता खिशात कार्ड असतं, फाटक आपोआप उघडतं. कोण कधी आला हे कंपनीला कळतं, आणि तारखेगणिक वेगळा दर लावणंही सोपं जातं.

खरी उलथापालथ मात्र १९९८ सालची. आयडाहोतल्या बॉयसीजवळच्या बोगस बेसिन या छोट्या डोंगराने हंगामाचा पास पाचशेच्या आसपास होता तो एकदम १९९ डॉलरवर आणला. लोकांनी वेड्यात काढलं असेल, पण पास आधीच्या कित्येक पट खपले. त्याच वर्षी कोलोरॅडोत विंटर पार्कने चौघांना मिळून आठशे डॉलरचा पास काढला, आणि शेजारच्या डोंगरांनाही दर पाडावे लागले.

यामागचं गणित पाहण्यासारखं आहे. लिफ्ट रिकामी फिरली तरी वीज, माणसं, तेलपाणी यांचा खर्च तेवढाच. धंदा सगळा आभाळाच्या मर्जीवर. बर्फ पडला नाही तर खिडकीवर कुत्रं फिरकत नाही. पण बर्फ पडायच्या आधीच पैसे घेऊन ठेवले, की कोरड्या हंगामाचा जुगार मालकाच्या गळ्यातून सुटून गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. तो जुगार पत्करल्याबद्दल गिऱ्हाइकाला मिळते ती सूट. व्हेलच्या कंपनीने २००८ च्या वसंतात ५७९ डॉलरचा, अनेक डोंगरांवर चालणारा एपिक पास काढला तो याच हिशेबावर: पाहिजे तितके दिवस या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. २०१८ मध्ये समोर दुसऱ्या कंपनीचा आयकॉन पास उभा राहिला. मग दोन्हीकडून डोंगर आपल्या पासात ओढायची स्पर्धा लागली आणि खिडकीचा दर वर्षागणिक चढत गेला. माझ्या मते तो दर घेण्यासाठी लिहिलेलाच नसतो. पास किती स्वस्त आहे हे दाखवायला तो टांगलेला असतो, आणि त्यात सापडतो तो माझ्यासारखा आयत्या वेळचा पाहुणा.

युरोपात हे इतकं टोकाला गेलं नाही. इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये १९७४ पासूनच अनेक खोऱ्यांना मिळून एक पास आहे, आणि दिवसाचं तिकीट अमेरिकेच्या मानाने अजून पुष्कळ खाली आहे. स्वित्झर्लंडच्या सास-फे गावाने २०१६ साली हंगामाचा पास २२२ फ्रँकला काढला, पण अट घातली: ९९,९९९ लोकांनी आधी नावं नोंदवली तरच. भिशीच म्हणा.

आता वसंताबद्दल. कोलोरॅडोच्या डोंगरांत बर्फाचा साठा सर्वांत जास्त असतो तो साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. रात्री गोठतो, उन्हाने वरचा थर सुटतो आणि साखरेसारखा दाणेदार होतो. सकाळी दहा ते दुपारी एक ही त्याची वेळ. पण मार्चमधली शाळा-कॉलेजांची सुट्टी संपली की तिथले लोक सायकली बाहेर काढतात. डोंगर भरलेला आणि खुर्च्या रिकाम्या! पाहुण्याने स्वस्त तिकीट मागावं ते याच दिवसांत, फक्त एक अडचण आहे. एक ते सात दिवसांचे सुटे पास मिळतात आणि ते खिडकीपेक्षा खूपच कमी पडतात, पण त्यांची विक्री डिसेंबरात बंद होते. दिवाळीत ठरवलं असतं तर मिळाले असते. उत्तरायणाला विचारणाऱ्याच्या हाती खिडकीच.

तरी दोन वाटा राहतात. एक, मोठ्या पासांत न शिरलेले छोटे डोंगर. डेन्व्हरजवळचं लव्हलँड त्यांतलं एक, आणि असे डोंगर एकत्र करून दोन-दोन दिवस देणारा इंडी पास २०१९ साली १९९ डॉलरपासून सुरू झाला. दुसरी वाट गुलमर्गची. तिथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, काँगदूरीपर्यंत १९९८ साली आणि वर अफरवतवर २००५ साली सुरू झाला. तिकीट काढणाऱ्यांत स्की करणारे थोडेच. बहुतेक जण बर्फ पाहायला आलेले आपल्यासारखे लोक, त्यामुळे दरही सहलीच्या खर्चात बसणारा. तिथे अडतं ते पैशावर नाही, ऑनलाइन वेळ मिळण्यावर. उत्तराखंडातल्या औलीचं नाव मी मुद्दाम घेत नाही: जोशीमठची जमीन खचली तेव्हा, २०२३ च्या जानेवारीत, तिथला रोपवे थांबवला गेला.

भाच्याला म्हटलं, यंदाचं राहू दे, पुढच्या वर्षीचे तीन दिवस धनत्रयोदशीच्या आधी आठवणीने घेऊन टाक. तो हसला. "मामा, दिवाळी कशाला? पुढच्या हंगामाचे पास मार्चमध्येच निघतात. तेव्हाच सगळ्यांत स्वस्त असतात."