शुल्क आज लागतं, वासरू पुढच्या वर्षी येतं

अमेरिकेतल्या हॅम्बर्गरचा खिमा बऱ्याचदा दोन-तीन देशांच्या मांसाचा असतो. तिथली गुरं शेवटचे काही महिने मका खाऊन पुष्ट होतात. त्यांचं मांस कापताना जे तुकडे उरतात, त्यांत निम्मी चरबीच असते. नुसता त्यांचाच खिमा केला तर निम्मा तव्यावरच वितळेल. म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्राझीलमधल्या, गवतावर वाढलेल्या गुरांचं मांस त्यात मिसळतात. त्यात चरबी जेमतेम १० टक्के. खिम्यात २० टक्के चरबी हवी असेल, तर एक किलो चरबीदार तुकड्यांना तीन किलो असं मांस लागतं.

या बाहेरच्या मांसावर आयातशुल्क चढलं की काय होतं? म्हाताऱ्या गाई विकणाऱ्या अमेरिकी पशुपालकाला चार पैसे जास्त मिळतात, कारण त्या गाईंचं मांसही कमी चरबीचं असतं. पण पुष्ट बैलांच्या चरबीदार तुकड्यांना जोडीदार मिळेनासा होतो आणि त्यांची किंमत घसरते. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी लावलेलं शुल्क असं त्याच्याच मालाला लागतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शुल्काच्या चर्चेत ती क्वचितच ऐकू येते.

निर्यातीत मार सरळ बसतो. २०१७ मध्ये अमेरिका पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडली, जपान आणि ऑस्ट्रेलिया मात्र त्यात राहिले. परिणामी २०१९ मध्ये जपानच्या बंदरात ऑस्ट्रेलियाच्या गोमांसावर २६.६ टक्के शुल्क होतं, तर अमेरिकेच्या गोमांसावर ३८.५ टक्के. मांस तेच, गिऱ्हाईक तेच. वेगळा करार होऊन हा फरक मिटायला २०२० साल उजाडलं.

भाव वाढले तर शेतकरी गुरं वाढवेल, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यासाठी कालवड विकायची नाही, राखायची. म्हणजे बाजारात आज असलेलं मांस आणखी कमी होतं. ती गाभण राहिल्यावर नऊ महिन्यांहून थोडा अधिक काळ जातो, आणि वासरू कापायला येईपर्यंत आणखी दीड वर्ष. दुष्काळामुळे चारा आटून २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतली गुरं ८.६७ कोटींवर आली होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या गोमांसावर जादा ४० टक्के शुल्क लागलं आणि नोव्हेंबरमध्ये ते उठलंही. शुल्क लागलं त्या दिवशी फळलेली कालवड तोवर निम्मे दिवसही भरली नव्हती.