इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक

पब्लिक एनिमी या न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या रॅप ग्रुपचा दुसरा अल्बम. डेफ जॅम आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपन्यांनी १९८८ मध्ये काढला. तारीख बहुतेक ठिकाणी २८ जून अशी देतात, काही याद्यांत एप्रिलही दिसतो, पण अल्बम चार्टवर आला तो जुलैत, त्यामुळे जूनच जास्त पटतं. हिपहॉपचा सुवर्णकाळ नेमका कुठून कुठपर्यंत यावर एकमत नाही, साधारण १९८६-८७ ते १९९३ धरतात, कोणी अजून तीन-चार वर्षं ओढतं, कशीही हद्द आखली तरी हा अल्बम आतच येतो.

नाव ग्रुपच्याच पहिल्या अल्बममधल्या एका ओळीवरून घेतलंय. आधी ‘काउंटडाउन टु आर्मागेडन’ ठेवायचं चाललं होतं, ते शेवटी सुरुवातीच्या लंडनमधल्या लाइव्ह तुकड्याचं नाव झालं. मुख्य आवाज चक डीचा, जोडीला फ्लेवर फ्लेव, टर्नटेबलवर टर्मिनेटर एक्स. चक डी अडेल्फी युनिव्हर्सिटीत ग्राफिक डिझाइन शिकलेला, ग्रुपचा निशाणावर धरलेल्या माणसाचा लोगो त्याचाच. रॅप म्हणजे ब्लॅक लोकांचं सीएनएन, हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य दर ठिकाणी वेगळ्या शब्दांत सापडतं, तेव्हा आशय त्याचा, शब्द त्याचेच असतील असं नाही.

आता खरा वादाचा मुद्दा, म्हणजे हा आवाज बनवला कोणी. कव्हरवर प्रोड्युसर म्हणून हँक शॉकली आणि कार्ल रायडर अशी नावं आहेत, आणि कार्ल रायडर म्हणजे चक डीच. एरिक सॅडलर असिस्टंट प्रोड्युसर, रिक रुबिन एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. पण रुबिन सोडून ही मंडळी (हँकचा भाऊ कीथसकट) बॉम्ब स्क्वॉड या प्रोडक्शन टीमच्या नावाने एकत्रच ओळखली जातात आणि नंतरच्या मुलाखतींत कोणी काय केलं याच्या हकिकती नीट जुळत नाहीत. चक डीच्या सांगण्यानुसार एरिक हा म्युझिशियन आणि हँक अगदी त्याच्या उलटा, आणि ऐकताना हेच बरोबर वाटतं, कारण एकाने बीट जागेवर बसवायचा आणि दुसऱ्याने तो मुद्दाम बिघडवायचा अशी खेचाखेच जवळपास प्रत्येक ट्रॅकमध्ये जाणवते.

हत्यारं म्हणजे एसपी-१२०० आणि अकाईचा एस९०० वगैरे सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे (सॅम्पल) उचलून पुन्हा वाजवणारी मशीनं. एसपी-१२०० बारा बिटांचा, एकूण जेमतेम दहा सेकंदांची मेमरी, म्हणून त्या काळचे प्रोड्युसर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून घ्यायचे आणि मशीनमध्ये परत हळू करायचे, त्यात आवाज खरखरीत व्हायचा तो वेगळाच. ‘रिबेल विदाउट अ पॉज’मध्ये सतत कुकरची शिट्टी वाजल्यासारखं जे येतं ते जेम्स ब्राउनच्या बँडच्या, म्हणजे द जेबीजच्या, १९७० च्या ‘द ग्रंट’मधल्या सॅक्सोफोनचं सॅम्पल आहे. खाली जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा ड्रम आहे, आणि तो बीट फ्लेवर फ्लेवने पूर्ण गाणंभर हाताने बटणं दाबून वाजवला असं सांगतात. ‘ब्रिंग द नॉइज’च्या सुरुवातीला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सचं भाषण, ‘शी वॉच चॅनल झिरो’त चक्क स्लेयर या मेटल बँडची गिटार. गाण्याचा राग शब्दांत आहेच पण त्याहून जास्त या कोंबलेल्या गोंगाटात आहे, हे लक्षात घेतलं नाही तर अल्बम नुसता भाषणबाजी वाटतो.

विषय रेगनच्या काळातले. क्रॅकचं व्यसन, मीडिया, सरकारकडून सैन्यभरतीचं पत्र आलेल्या आणि नकार देऊन तुरुंगात गेलेल्या माणसाची गोष्ट (‘ब्लॅक स्टील’). ‘कॉट’ हे गाणं सॅम्पल चोरीच्या आरोपावर आहे, आणि १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्की विनापरवानगी सॅम्पल वापरल्याचा खटला हरल्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घ्यायची वेळ आल्यावर असा अल्बम काढणं खर्चाच्या दृष्टीने अशक्यच झालं. कॅसेटच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या ठेवून एकूण तासाभराचं काम करायचा विचार होता, झाले जवळपास ५८ मिनिटं.

टीकाही झाली. ‘शी वॉच चॅनल झिरो’त टीव्ही बघणाऱ्या बाईवरच सगळा दोष टाकलाय, ही तक्रार रास्त आहे. नेशन ऑफ इस्लामचा नेता फाराखान याचं कौतुक आणि नंतर १९८९ मध्ये ग्रुपमधल्याच प्रोफेसर ग्रिफची ज्यूंविरोधी विधानं, यांनी ग्रुपला बराच त्रास झाला, पण ग्रिफचं प्रकरण अल्बमनंतरचं.

ग्रुपच्या ब्लॅक पँथर वारशाबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकाला जास्त सांगायला नको, १९७२ ची मुंबईतली दलित पँथरही त्याच नावावरून.

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात १९८८ चा पहिला नंबर याचाच. ‘ब्रिंग द नॉइज’ पुढे अँथ्रॅक्स या मेटल बँडसोबत १९९१ मध्ये पुन्हा झालं, ‘ब्लॅक स्टील’ १९९५ मध्ये ब्रिटिश संगीतकार ट्रिकीने केलं. २००८ मध्ये शिकागोच्या पिचफोर्क फेस्टिवलमध्ये ग्रुपने पूर्ण अल्बम स्टेजवर वाजवला.