एका मिलिसेकंदाचे कवच

आइस हॉकीतील पक ही व्हल्कनाइज केलेल्या रबराची चकती असते. तिचा व्यास ७.६ सेंटिमीटर, जाडी २.५ सेंटिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे मैदानी हॉकीच्या चेंडूच्या जवळपास असते. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळते आणि बर्फावरून चपटे, सरळ घसरत जाते. गोठलेली पक हातात घेतली की तिला रबर म्हणवत नाही. तिची कड बोटांना दगडासारखी लागते. व्यावसायिक खेळाडूच्या जोरकस फटक्यानंतर ही चकती ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या, म्हणजे एनएचएलच्या, २०१२ सालच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत झ्डेनो चारा याचा फटका ताशी १०८.८ मैल, अर्थात सुमारे १७५ किलोमीटर, मोजला गेला होता. अशा चकतीच्या वाटेत जाणूनबुजून अंग घालणे हे गोलरक्षकाचे काम आहे.

त्याच्या धडाचे आणि हातांचे कवच अंगरख्यासारखे सलग जोडलेले असते. छाती, पोट, बरगड्या, खांदे, दंड, कोपर आणि मनगटापर्यंतचा हात ते झाकते. पूर्वी छातीची गादी निराळी आणि हातांच्या गाद्या निराळ्या असत व त्यांत नमद्याचा वापर होई. आता त्यांची जागा फोम आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घेतली आहे. कवच निवडताना बहुतेकांची नजर आधी त्याच्या जाडीवर जाते. जाडीला महत्त्व आहेच, पण माझ्या मते पहिले दोन प्रश्न निराळे असायला हवेत. पक आदळते त्या क्षणी कवचाचा योग्य भाग शरीराच्या योग्य जागेवर असतो का, आणि तो पकचा वेग किती वेळ घेऊन संपवतो?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. १६५ ग्रॅमची पक ताशी १६० किलोमीटर वेगाने आली, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १६० ज्यूल असते. साधारण साडेसोळा किलोचे वजन एक मीटर उंचीवरून खाली पडताना तेवढी ऊर्जा मिळवते. पक थांबवायची म्हणजे तिचा संपूर्ण संवेग काढून घ्यायचा, आणि त्यात कोणतेही कवच सूट देऊ शकत नाही. संवेग काढून घ्यायला किती वेळ लावायचा, एवढेच कवचाच्या हाती असते. पक एक सेंटिमीटरच्या आत थांबली, तर त्याला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि सरासरी बल १६,००० न्यूटनच्या घरात जाते. तीच पक अडीच सेंटिमीटर आत येऊन थांबली, तर सुमारे १.१ मिलिसेकंद मिळतात आणि सरासरी बल ६,५०० न्यूटनवर येते. हे अर्थातच सोपे केलेले गणित आहे. प्रत्यक्षात छातीही थोडी दबते, गोलरक्षकही किंचित मागे सरकतो. तरीही दीड सेंटिमीटरच्या अधिक वावाने बल निम्म्याहून खाली येते, ही गोष्ट कवचाची रचना समजून घ्यायला पुरेशी आहे.

वेळेच्या जोडीला क्षेत्रफळाचा विचार येतो. पक सपाट बाजूने आदळली तर बल सुमारे ४५ चौरस सेंटिमीटरवर पसरते, पण ती कडेने आली तर जेमतेम १९ चौरस सेंटिमीटरवर, आणि कडेच्या गोलाईमुळे पहिल्या स्पर्शाला त्याहूनही कमी जागेवर एकवटते. म्हणून छातीच्या मध्यभागी आणि खांद्यांवर पॉलिथिलीनसारख्या टणक प्लास्टिकचे पत्रे बसवतात. पत्रा ऊर्जा फारशी शोषत नाही. तो बल पसरवून मागच्या फोमच्या स्वाधीन करतो. १९ चौरस सेंटिमीटरवरचे बल २०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दाब जवळपास एक दशांश होतो. नुसता पत्रा असेल तर तो धक्का तसाच बरगड्यांकडे पाठवील, आणि नुसता मऊ फोम असेल तर पकची कड त्यात रुतून तळाला टेकेल. चांगल्या कवचात बाहेर टणक, मध्ये घट्ट आणि अंगाला लागून मऊ असा क्रम असतो, आणि त्या क्रमाला कारण आहे.

फोम म्हणजे हवेच्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांचे घर. दाबायला लागल्यावर आधी कप्प्यांच्या भिंती किंचित वाकतात आणि बल सरळ रेषेत वाढत जाते. मग भिंती एकामागून एक कोलमडतात. या टप्प्यात फोम दबत राहतो, पण बल फारसे वाढत नाही, आणि ऊर्जा शोषण्याचे बहुतेक काम इथेच होते. शेवटी कप्प्यांतली जागा संपते, भिंतीवर भिंत टेकते आणि बल एकदम उसळी घेते. फोम तळाला टेकला असे आपण म्हणतो, ती हीच अवस्था. म्हणून एकाच घनतेचा फोम सगळीकडे चालत नाही. फार मऊ फोम जोरदार फटक्यात लगेच तळाला टेकतो, आणि फार घट्ट फोम मधल्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही, म्हणजे त्याची क्षमता वाया जाते. फटका किती जोराचा असणार, यावर फोम ठरायला हवा.

दुकानात कवच अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय म्हणूनच फसवी आहे. अंगठा फोमला सेकंदाला फार तर काही सेंटिमीटर वेगाने दाबतो. पकचा वेग त्याच्या हजारपट असतो. पुष्कळसे फोम वेगाने दाबल्यावर अधिक ताठरतात, आणि काही साहित्य तर याच गुणासाठी बनवलेले असते. डी३ओ हे त्यातले परिचित नाव. असे साहित्य हळू वाकवले तर हाताबरोबर वाकते, पण झटका बसला की त्यातील रेणूंच्या साखळ्यांना सरकायला वेळ मिळत नाही आणि ते कडक होते. असा तुकडा अंगठ्याला लेचापेचा वाटेल म्हणून तो निकामी ठरत नाही. थंडीचाही असाच परिणाम होतो. उबदार खोलीत लवचिक वाटलेला फोम बर्फाच्या मैदानावर अधिक ताठर होतो, आणि खेळता खेळता अंगाच्या उबेने आतल्या बाजूने पुन्हा सैलावतो.

आता हृदयाविषयी, कारण कवचाचा सर्वांत गंभीर प्रश्न तिथे आहे. छातीवर बसलेल्या फटक्याने हाड न मोडता, हृदयाला जखम न होताही हृदयाचा ठोका कोलमडू शकतो. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील पेशी विद्युतदृष्ट्या पुन्हा सज्ज होत असतात. ईसीजीमध्ये ही क्रिया टी तरंगाच्या रूपाने दिसते. या तरंगाच्या शिखरापूर्वीच्या सुमारे १५ ते ३० मिलिसेकंदांच्या फटीत हृदयावर नेमका फटका बसला, तर ठोक्याची लय बिघडून व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन सुरू होऊ शकते, म्हणजे हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली भूल दिलेल्या लहान डुकरांवर प्रयोग करून ही वेळेची फट दाखवून दिली. नंतरच्या प्रयोगांत आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. धोका वेगाबरोबर सरसकट वाढत गेला नाही. बेसबॉलच्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाला तो सर्वाधिक होता, आणि त्याहून जास्त वेगाला लय बिघडण्याचे प्रमाण घटून प्रत्यक्ष इजा वाढली.

याचा कवचाच्या निवडीशी थेट संबंध आहे. ताशी ६४ किलोमीटर हा व्यावसायिक फटक्याचा वेग नाही; तो शाळकरी खेळाडू सहज गाठतात, आणि त्यांच्या छातीचा पिंजरा अजून लवचिक असल्यामुळे आघात आतपर्यंत पोचतो. छातीवर कवच असतानाही असे प्रसंग घडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून एखादे कवच वेगवान पक वेदना न होता अडवते, यावरून ते हृदयाला पुरेसे जपते असा निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेतील नॉक्से ही क्रीडासाधनांची मानके ठरवणारी संस्था आहे. तिने बेसबॉल आणि लॅक्रॉसच्या छातीकवचांसाठी याच धोक्याचा विचार करून एनडी२०० हे मानक आखले. आइस हॉकीचे कवच घेताना छातीच्या डाव्या-मधल्या भागावर सलग पत्रा आणि त्यामागे फोम आहे का, दोन तुकड्यांमधली शिवण नेमकी तिथे येते का, हे मी सगळ्यांत आधी पाहीन. मे १९९८ मध्ये एनएचएलच्या बाद फेरीत सेंट लुईस ब्लूजचा बचावपटू ख्रिस प्राँगर छातीवर पक बसून बर्फावर कोसळला होता. तो वाचला आणि पुढे अनेक वर्षे खेळला. पण ज्या मैदानावर मुले खेळतात, तिथे एईडी, म्हणजे हृदयाला विद्युतझटका देणारे यंत्र, हाताशी असणे कवचाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण अशा वेळी पहिल्या दोन-तीन मिनिटांत मिळालेला विद्युतझटका जीव वाचवू शकतो.

पहिल्या प्रश्नाकडे वळू: योग्य भाग योग्य जागी आहे का? एका तरुण गोलरक्षकाला नवे कवच घालून पाहताना मी जवळून पाहिले आहे. तो ताठ उभा असताना सगळे नेटके दिसत होते. छातीचा पत्रा उरोस्थीवर, खांद्याच्या टोप्या खांद्यांवर, हाताच्या गाद्या मनगटापर्यंत. मग त्याने गुडघे वाकवून, हात पुढे घेऊन खेळताना घेतो तसा पवित्रा घेतला. पोटाचा भाग विजारीच्या कमरपट्ट्यावर टेकला आणि सगळे कवच वर सरकले. गळपट्टी हनुवटीला लागली, छातीचा पत्रा तीन बोटे वर गेला, आणि कोपराची वाटी कोपर सोडून दंडाकडे निघाली. गोलरक्षक ताठ उभा राहून पक अडवत नाही. वाकलेल्या पवित्र्यात आणि दोन्ही गुडघे बर्फावर टेकून पाय बाजूला पसरतात त्या बटरफ्लाय पवित्र्यात कवच जिथे असते, तीच त्याची खरी जागा.

त्यामुळे कवच एकटे घालून पाहू नये. सोबत विजार, मुखवटा, गळ्याचे संरक्षण आणि दोन्ही हातमोजे हवेत. काखेत, कोपराच्या आतल्या वळणावर, दंडाच्या आतल्या बाजूला, हासळीच्या हाडावर आणि हातमोजा संपतो तिथे मनगटावर फट पडते का, हे दुसऱ्या कोणीतरी पाहावे. स्वतःला या फटी दिसत नाहीत. डावा हात उजव्या खांद्यापलीकडे नेऊन पाहावा, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, गुडघ्यांवर बसून पुन्हा झटकन उठावे. पोटाचा भाग विजारीच्या आत खोचायचा की बाहेर ठेवायचा, हे आवडीवर सोडले तरी चालते. मात्र एकदा ठरल्यावर पट्ट्या आणि हातांच्या दोऱ्या त्या हिशेबाने बांधाव्या लागतात. मुलांना पुढे होईल म्हणून एक माप मोठे कवच घेणे ही काटकसर मला मुळीच पटत नाही. कपडा मोठा झाला तर बाही दुमडता येते, पण मोठ्या कवचात हृदयावरचा पत्रा पोटाकडे उतरतो आणि कोपराची वाटी हातावर भटकत राहते.

कवच मोठे असण्याचा मोह मोठ्यांनाही असतो, कारण रुंद खांदे गोलाचा अधिक भाग झाकतात. एनएचएलच्या नियमांत म्हणूनच खांद्याच्या टोपीने खांद्याच्या आकारानुसारच जावे, तिची जाडी खांद्याच्या वरच्या रेषेपलीकडे एक इंचाहून अधिक नसावी, आणि गोलरक्षक नेहमीसारखा वाकल्यावर ती खांद्याच्या वर ढकलली जाऊ नये, असे सांगितले आहे. २०१८–१९ च्या हंगामापासून तिथे अंगाबेताची, अधिक सुटसुटीत कवचे सक्तीची झाली. काही गोलरक्षकांनी दंडावर आणि खांद्यावर मार जास्त लागत असल्याची तक्रार केली, आणि ती रास्त होती, कारण जाडी कमी झाली की थांबण्याचे अंतरही कमी होते. वाकल्यावर खांदे पाहण्याची त्या नियमातील कसोटी मात्र घरच्या आरशासमोरही तितकीच उपयोगी पडते.

खेळाच्या दृष्टीने कवच पकला परत किती उसळू देते, हेही पाहावे लागते. पक छातीवर आदळून पायाशी पडली तर गोलरक्षक ती झाकून टाकतो. चार मीटर पुढे उसळली तर समोरच्याला दुसरी संधी मिळते. भौतिकशास्त्रही इथे खेळाच्या बाजूने आहे. उसळणारी पक थांबते आणि उलट दिशेने वेगही घेते, म्हणजे तिच्या संवेगातला बदल जास्त असतो आणि शरीराला मिळणारा आवेगही जास्त असतो. छातीचा भाग पक गिळून घेणारा आणि हातांचा भाग थोडा टणक, अशी विभागणी मला योग्य वाटते.

कोणत्या दर्जाचे कवच घ्यावे, हे समोरच्या फटक्यांच्या वेगावरून ठरवावे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ताशी ८० किलोमीटरच्या पकमध्ये १६० किलोमीटरच्या पकच्या एक चतुर्थांशच ऊर्जा असते. नवशिक्याला व्यावसायिक दर्जाचे जड, न वळणारे कवच चढवले, तर हात उशिरा हलतात आणि पक नको तिथे लागते. उलट, वरच्या वयोगटात गेलेल्या मुलाला जुनेच कवच पुरवणे धोक्याचे आहे, कारण फटक्यांचा वेग वयाबरोबर झपाट्याने वाढतो.

फोम थकतो. वारंवार मार बसलेल्या जागी त्याचे कप्पे कायमचे चपटे होतात. तिथे दाबलेला खळगा भरून यायला वेळ लागतो किंवा तो भरतच नाही. वापरलेले कवच घेताना छातीचा मध्य आणि डाव्या-उजव्या हाताच्या त्याच जागा चिमटीत धरून जाडीची तुलना करावी, आणि पत्र्यांना तडा गेला आहे का हे वाकवून पाहावे. प्रत्येक खेळानंतर कवच पिशवीबाहेर, वाऱ्यावर टांगावे. घामाने शिवण आणि चिकटवलेले थर लवकर सुटतात.

सगळ्यांत विश्वासू परीक्षक मात्र गोलरक्षकाची त्वचा. पसरट, फिकट डाग असेल, तर पक कवचावर लागली होती आणि फोम अपुरा पडला. चंद्रकोरीसारखी, ठळक निळी रेघ असेल, तर पकची कड फटीतून थेट अंगाला भिडली. वर सांगितलेल्या त्या तरुणाच्या उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला पहिल्याच आठवड्यात अशी कोर उमटली. त्याने हाताची दोरी दोन भोके आखूड केली आणि कोपराची वाटी पुन्हा कोपरावर आणून बसवली.